उंडीवरचे चाळीस दोरे

पानावर वाढणाऱ्या दगडफुलांवर मी पीएच.डी. करते, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग परेशकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर काही खुलासा सापडेल अशी त्यांची आशा असते. परेश म्हणतो, "मसाल्याचं दगडफूल तरी घरी फुकट यावं की नाही? तेही आम्ही वाण्याकडूनच आणतो." मग सगळे हसतात, मीही हसते. २००१ सालच्या जूनपर्यंत मी अकरा वर्षं हसत होते.

मसाल्यातलं दगडफूल सगळ्यांना माहीत असतं. शास्त्रात त्याला शैवाक म्हणतात. एक बुरशी आणि एक शेवाळ मिळून संसार थाटतात, त्या संसाराचं नाव शैवाक. बहुतेकांचा संसार दगडावर, नाहीतर झाडाच्या सालीवर. पण त्यांच्यातली थोडी मंडळी पानावर राहतात. टिकलीएवढे करडे-हिरवे ठिपके, कुठे मधोमध काळा बिंदू, कुठे भिंगातूनच दिसेल अशी बारीक लव. पानाचं ते काही खात नाहीत, काही बिघडवत नाहीत. त्यांना सावली लागते, ओल लागते आणि लवकर न गळणारं पान लागतं. चार महिन्यांत गळणाऱ्या पानावर ते बिऱ्हाड करत नाहीत. आमच्या एव्हरशाईन सिटीतल्या भाडेकरूंपेक्षा त्यांना अक्कल जास्त.

वसई तालुक्यात असे ठिपके कोणकोणते आणि कुठेकुठे सापडतात, हा माझा विषय. पहिली आठ वर्षं मी तुंगारेश्वरच्या उतारावर घालवली. म्हणजे सुट्टीच्या दिवशी. एरवी कॉलेजात आठवड्याला अठरा तास, घरी एक दिवसाआड पाणी, टँकरची वाट, मुलीचा, ज्ञानदाचा अभ्यास, सासूबाईंचं पथ्य. एक ना धड, भाराभर चिंध्या. माझे मार्गदर्शक मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकायचे. "खाडीकडे जाऊ नका, तिथे काही मिळणार नाही," असं त्यांनी सांगितलं होतं, आणि पुस्तकांचंही तेच म्हणणं होतं. खारा वारा, उघडं ऊन.

मी खाडीकडे गेले ते शैवाकासाठी नाहीच. उमेळ्याच्या पुढे एका सहकाऱ्याच्या घरचं बारसं होतं. परतताना रिक्षा बंद पडली आणि पाणी मागायला मी एका वाडीत शिरले. वाडीत केळी, नारळ, मोगऱ्याचे वाफे, मधोमध बावखळ, म्हणजे आमच्याकडचं उतरत्या काठाचं मातीचं तळं, आणि त्या तळ्यावर वाकलेली जुनी उंडी. पूर्वी हिच्या बियांचं तेल होड्यांना लावायचे. पान जाड, चकचकीत, दोन-दोन पावसाळे झाडावर टिकणारं. तळ्याची ओल थेट त्या पानांना लागत होती. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन वर पाहिलं आणि पाणी प्यायचं विसरले. एका झाडावर अकरा प्रकार होते.

"काय गं बाय, साप दिसला काय?" वाडीची मालकीण म्हणाली. तिचं नाव कृष्णाबाई. पासष्टीची, काटक, सकाळी मोगरा आणि भाजी घेऊन वसईच्या बाजारात बसणारी.

मी तिला सगळं सांगितलं. बुरशी, शेवाळ, संसार. तिने मन लावून ऐकलं आणि विचारलं, "म्हन्जे झाडाला रोग हाय?" रोग नाही म्हटल्यावर तिचा त्यातला रस संपला. "मग ये की कवापन. झाड काय पळून जातंय?"

जून १९९९ मध्ये मी त्या उंडीची चाळीस पानं निवडली. काम साधं होतं. दर महिन्याला जाऊन प्रत्येक पानावरचे ठिपके मोजायचे, किती मिलीमीटर वाढले ते लिहायचं आणि पारदर्शक कागद पानावर धरून त्यांची नक्कल काढायची. असं दोन वर्षं. पान तोडायचं नाही, तोडलं की वाढ संपली. दोन वर्षांनी शेवटचं माप झालं की चाळीसही पानं एकदम तोडायची, पाकिटांत घालायची आणि पुण्याला तज्ज्ञांकडे पाठवायची. ठिपका नक्की कोणत्या जातीचा, हे सूक्ष्मदर्शकाखाली तेव्हाच ठरणार. म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या हातात पुरावा म्हणून काहीच नव्हतं. पुरावा झाडावर होता.

आता हजारो पानांत आपली चाळीस ओळखायची कशी? कागदाच्या चिठ्ठ्या पावसात कुजतात. म्हणून मी देठाला भरतकामाचा दोरा बांधला. रंग लाल, कारण हिरव्यात तोच लांबून दिसतो. आणि पानाचा क्रमांक गाठींनी. फांदीवरच्या पहिल्या पानाला एक गाठ, दुसऱ्याला दोन. जायचा दिवस मंगळवार, कारण वेळापत्रकात मंगळवारी दुपारनंतर मला तास नव्हते. तळ्याकाठी चिखल असायचा म्हणून चपला काढून अनवाणी. हात चिकट नकोत म्हणून काम संपेपर्यंत काही खायचं नाही. आणि मोजताना माझे ओठ हलतात, ही लहानपणापासूनची खोड.

थोडक्यात, एक बाई दर महिन्याला मंगळवारी उपाशीपोटी, अनवाणी, झाडाला लाल दोरे गाठी मारून बांधते आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटते. यात कुणाला काय दिसेल, ते कळायला पीएच.डी. लागत नाही. मला कळलं नाही.

सुरुवातीला माझे दोरे नाहीसे व्हायचे. पोरं ओढायची, मोगरा खुडायला येणाऱ्या बाया पानं तोडून त्यात फुलं बांधायच्या. चार महिन्यांत सात पानं गेली, मी नवी घेतली, पुन्हा दोन गेली. नाकी नऊ आले होते. मी वाडीत येणाऱ्या प्रत्येकीला समजावत होते की हे कॉलेजचं काम आहे. त्या माना डोलवायच्या आणि पान तोडायच्या. आणि मग दिवाळीनंतर एकाएकी हे सगळं थांबलं. एकही दोरा हलला नाही. मला वाटलं, माझ्या समजावण्याचा परिणाम झाला. शिक्षकांना असं वाटत असतं.

खरं कारण पुढच्या एप्रिलमध्ये कळलं. त्या फेब्रुवारीत ज्ञानदाला कावीळ झाली, ऐन बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर. परीक्षा हुकली, वर्ष गेलं. पोरगी हळदीसारखी पिवळी, हातापायांच्या काड्या. दीड महिना मी कॉलेज, दवाखाना आणि उसाचा रस यांच्यामध्ये धावत होते. एप्रिलच्या मंगळवारी तिला घरी एकटी ठेववेना, म्हणून वाडीत घेऊन गेले. कृष्णाबाईने तिला पडवीत खाटेवर बसवलं, शहाळं फोडून दिलं आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याजवळ उंडीखाली आली.

"हिच्यासाटी हाय ना?" तिने दोऱ्यांकडे बोट करून हळूच विचारलं. "बाया इचारत व्हत्या मना, कशाचा नवस म्हनून. म्या सगळ्यांना सांगितला, खबरदार हात लावाल तर. आज कळला."

मी सव्विसाव्या पानावर होते. सकाळी दोन तास शिकवलं होतं, रिक्षात ज्ञानदाला उलटी झाली होती, आणि घरी जाऊन टँकर आला की नाही ते बघायचं होतं. मला पुन्हा एकदा बुरशी, शेवाळ आणि संसार सांगायचा नव्हता. शिवाय नवसाच्या दोऱ्याला कुणी हात लावत नाही, हेही त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. मौनं सर्वार्थसाधनम्. पण मी नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी म्हणाले, "हं."

कृष्णाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला काम करू दिलं.

त्याच दिवशी निघताना तिने आपलंही दुःख सांगितलं. तिचा मुलगा हितेश कंपनीत कामाला, सून हेमांगी घरी, आणि त्यांची उन्नती तीन वर्षांची होत आली तरी एक शब्द बोलत नव्हती. गावातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेऊन कान तपासून घ्या म्हणून. "जुलै महिन्यात जानार," ती म्हणाली. मी "जा, जा" म्हणाले आणि रिक्षा बघायला लागले.

नंतर मी कधी विचारलंच नाही.

उन्नती रोज दिसायची, म्हणजे मी जायचे त्या प्रत्येक मंगळवारी. फ्रॉकच्या खिशात केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळकी साल, कोंबून ती माझ्या पिशवीशेजारी बसायची आणि माझं मोजणं बघायची. मला ती फार आवडायची. त्या घरात मला प्रश्न न विचारणारी ती एकटीच होती. एकदा तिच्या मागे हातभर अंतरावर नारळाची झावळी धाडकन पडली. मी एवढी दचकले की पट्टी हातातून तळ्यात गेली. ती जागची हलली नाही, माझ्याकडे बघून हसली. मी पट्टीच्या नावाने चरफडत बसले. मी नोंदी करायला आलेली बाई, पण माझ्या वहीत त्या दिवशी फक्त पानांची मापं आहेत.

पुढच्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ज्ञानदा जुलैत बरी होऊन पुन्हा कॉलेजला जायला लागली. विद्यापीठाने मला शेवटची मुदतवाढ दिली, तीस जून २००१ पर्यंत, आणि पत्रात 'शेवटची' या शब्दाखाली रेघ मारली होती. माझे मार्गदर्शकही तेव्हाच निवृत्त होणार होते. प्रबंध जवळजवळ लिहून झाला. फक्त उंडीचं प्रकरण उरलं होतं, आणि तेच प्रकरण त्यात नवं होतं. बाकीचं तुंगारेश्वर आधीच दोन संशोधकांनी चाळून झालेलं. या खाडीकाठच्या चाळीस पानांमुळे माझं अकरा वर्षांचं काम हे काम ठरणार होतं, नाहीतर ती हौस. परेश म्हणायचा, "एवढं झालं की झोप काढ एक महिना." मी खरोखर त्या झोपेसाठीच लिहीत होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बारावीचा निकाल लागला. ज्ञानदा चांगल्या मार्कांनी पास झाली. परेशने दोन किलो पेढे आणले, बिल्डिंगमध्ये वाटले, स्टाफरूममध्ये वाटले, तरी अर्धा किलो उरले. शनिवारी उमेळ्याच्या बाजूला जायचंच होतं म्हणून उरलेला खोका मी वाडीत नेला. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण त्या खोक्यात प्रेम वगैरे नव्हतं, उरलेले पेढे होते. कृष्णाबाई बाजारात गेली होती. हेमांगीच्या हातात खोका दिला. "ज्ञानदा पास झाली म्हणावं. आणि मंगळवारी मी येते, शेवटचं. शिडी लागेल, तेवढी काढून ठेवा."

मंगळवारी, बारा जूनला, मी चाळीस कागदी पाकिटं घेऊन गेले. आभाळ भरलेलं, तळ्याला हिरवी साय धरलेली. शिडी उंडीला टेकवून ठेवलेली होती. आणि उंडीवर एकही दोरा नव्हता.

मी आधी वाटेवरून पाहिलं, मग जवळ जाऊन पाहिलं, मग चपलांसकट चिखलात उभी राहून पाहिलं. पानं होती. सगळी पानं एकसारखी, हिरवी, चकचकीत, पुसून काढलेली.

"आलीस?" कृष्णाबाई नवीन लुगडं नेसून घरातून आली. हातात ताट. त्यात नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू, आणि मधोमध माझे सगळे लाल दोरे, नीट गुंडाळी करून ठेवलेले. "बस पयली. तुजा नवस म्या फेडला. हेमांगी बोलली पेडं आले, शिडी सांगितलीय, तवाच म्या समजले. म्हटला, ही दमलेली बाय, ही कवा चढनार वर? काल अख्खा दिवस म्या आनि हितेशनी सोडवले. एकपन पान तुटू नाय दिला हां. पानं मळली व्हती, वल्या फडक्यान पुसली."

नवस पुरा झाला की दोरा सोडवायचा असतो. तोवर कुणी हात लावायचा नसतो, पण पुरा झाल्यावर तो तसाच ठेवणं वाईट. नवसाच्या आडोशाला मी माझी पानं दीड वर्ष सांभाळून घेतली होती. आडोसा ज्याचा, नियमही त्याचेच.

माझ्या डोक्यात रक्त चढलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्या म्हातारीला गदागदा हलवावंसं वाटलं. पण अकरा वर्षांच्या सवयीने डोकं लगेच हिशेबाला लागलं. पानं झाडावर आहेत. नकला माझ्याकडे आहेत. लव असलेले ठिपके पुसले गेले असतील, पण बाकीचे चिवट असतात. नकला हातात धरून एकेक पान ताडून बघितलं तर आठ-दहा दिवसांत पंचवीस-तीस पानं तरी ओळखता येतील. तीस जूनला अठरा दिवस होते. रजा टाकायची, रोज यायचं. फक्त या बाईला काहीतरी सांगावं लागेल.

काय सांगायचं ते जुळवत मी खालच्या फांदीकडे पाहिलं, तर तिथे एक दोरा होता. लाल नाही. जुन्या लुगड्याच्या काठाची हिरवी चिंधी, उन्हापावसाने विटलेली, आणि तिला तीन गाठी.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"माजा," कृष्णाबाई म्हणाली. "उन्नतीसाटी. वरीस झाला बांदून. तीन वरसांची व्हती म्हनून तीन गाठी, तुजा बगून. तुजं फळला, आता माजंपन फळंल."

"आणि इस्पितळ? मुंबईला नेलं होतं ना तिला? जुलै महिन्यात?"

"नाय नेला." तिने ताट ओट्यावर ठेवलं. "तुजी पोर म्या बगितली व्हती ना, हळदीवानी. तीन महिन्यांनी तूच बोललीस, बरी झाली, कालेजात जाते. मग म्या बोलले, आपन कशाला मुंबयला जायाचा? लेकराला सुया टोचायच्या, मशिनीत घालायचा. हेमांगी रडत व्हती, जाऊया म्हनून. म्या तिला बोलले, अगं, ती बाय एवडी शिकलेली. कालेजात सायन्स शिकवते. ती दोरा बांदते, म्हन्जे तिला काय कळत नाय काय?"

हेमांगी दारात उभी होती. उन्नती तिच्या पायाशी, पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात चिखलाचे गोळे भरत होती.

मी ओट्यावर बसले. पाकिटांची पिशवी मांडीवर घेतली, कशाला ते माहीत नाही. मग मी सांगितलं. नवस नव्हता. ठिपके मोजायला खूण म्हणून दोरे होते. गाठी म्हणजे आकडे होते. ज्ञानदा औषधाने आणि पथ्याने बरी झाली, आणि अभ्यास करून पास झाली. मंगळवारी मला तास नसतात. वर्गात सांगते तसं क्रमाने सांगितलं, आणि एवढं सोपं सांगणं मला दोन वर्षांत कधी जमलं नव्हतं.

कृष्णाबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्या इचारला व्हता तुला," ती म्हणाली. "तवा तू 'हं' बोललीस. का बोललीस?"

माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते फारच लहान होतं.

"दमले होते," मी म्हणाले.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. आयुष्यभर डोक्यावर पाटी घेऊन पहाटे बाजार गाठलेली बाई, तिला दमणं म्हणजे काय ते कुणी सांगायला नको होतं. तिने ताटातला नारळ उचलला, पुन्हा ठेवला, आणि आत निघून गेली. माझी ओटी तशीच राहिली.

हेमांगी मग पुढे आली. "मॅडम, डॉक्टरांची चिठ्ठी आहे अजून माझ्याकडे," ती म्हणाली. "रेशनकार्डात ठेवलीय. आईंना माहीत नाही."

त्या संध्याकाळी मी रजेचा अर्ज लिहिला. गुरुवारी हेमांगीला आणि उन्नतीला घेऊन मुंबईला गेले. हितेशला सुट्टी नव्हती, आणि मला आता सगळा वेळ होता. गेल्या गेल्या तपासणी होत नाही हे तिथे कळलं. केसपेपर, रांग, दुसरी रांग, मग अठ्ठावीस जूनची तारीख. मूल झोपलेलं असताना ती तपासणी करतात, म्हणून आदल्या रात्री जागवून आणा म्हणाले.

मधल्या चौदा दिवसांत मी पानं जुळवायला जाऊ शकले असते. परेशने तसं म्हटलंही. "तिकडचं तारखेला होईलच ना. तोवर तुझं उरकून घे की." बरोबरच होतं त्याचं. एक दिवस मी नकला घेऊन उमेळ्यापर्यंत गेलेही. वाडीच्या वाटेवरून कृष्णाबाई पडवीत मोगरा निवडताना दिसली. त्या घरासमोर, त्या झाडाखाली, डोळ्याला भिंग लावून उभं राहायची मला लाज वाटली. मी तशीच परत आले. घरी येऊन अकरा वर्षांच्या वह्या पलंगाखाली सरकवल्या आणि दुपारी चार तास झोपले. ज्या झोपेसाठी मी लिहीत होते, ती हीच असेल तर तिच्यात काही दम नव्हता. उठल्यावर अंग जास्तच जड झालं होतं.

अठ्ठावीस तारखेला तपासणी झाली. प्रबंधाची मुदत परवा संपणार होती, हे मला त्या बाकड्यावर बसल्यावर आठवलं आणि पाणी भरायचं राहिल्यावर वाटतं, इतपतच त्याचं वाईट वाटलं. उन्नती हेमांगीच्या मांडीवर पेंगत होती, केसांत अजून तारा चिकटवलेल्या जागेची पांढरी खळ होती.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, माझ्याइतक्याच दमलेल्या. बाहेर तीसेक माणसं उभी होती. त्यांनी कागद पाहिला आणि सांगितलं की दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, जन्मापासून असावं. यंत्र लावायचं, बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे आठवड्यातून दोनदा न्यायचं. थोडंफार बोलेल. किती, ते सांगता येत नाही.

"ही चिठ्ठी गेल्या वर्षीच्या मार्चची आहे," त्या हेमांगीला म्हणाल्या. "तेव्हाच आणली असती तर आज शब्द बोलत असती. या वयातलं एक वर्ष म्हणजे काय, कळतं का? काय करत होता वर्षभर?"

हेमांगीने खाली पाहिलं. तिने उन्नतीचा फ्रॉक गुडघ्यावर ओढून घेतला. ती एक शब्द बोलली असती तर मी सुटले असते, पण ती सासूचं नाव घ्यायला तयार नव्हती आणि माझंही.

"नवस बोलला असाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गंडेदोरे बांधत बसता तुम्ही लोक, आणि मग आमच्याकडे येता." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चष्मा, माझी पर्स, माझी कडक इस्त्रीची साडी. त्यांचा आवाज बदलला. "मॅडम, तुम्ही यांच्या ओळखीच्या ना? तुम्ही तरी समजवायचं होतंत यांना. तुम्ही शिकलेल्या दिसता."

"दोरे मी बांधले होते," मी म्हणाले.

त्यांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि "काय?" म्हणून विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. या वेळी हेमांगीने मान वर केली.